सिंहगड, राजगड, तोरणा : चौघींची माहेरवाट

(महिला दिनानिमित्त भोसरी येथे झालेल्या बचत गटांच्या मेळाव्यात आमच्या एका सदस्य ताईंनी केलेले भाषण. ज्या गटांना येता आले नाही त्यांच्यासाठी येथे देत आहोत. मासिक बैठकीत मोठ्याने वाचावे.)



मला भाषण करायची सवय नाही. मी भोसरीत राहते, एमआयडीसीत एका छोट्या शॉपमध्ये पार्ट तपासायचं काम करते. आठ तास उभी. गटात मी हिशेब लिहिते, म्हणून अध्यक्षताई म्हणाल्या, "तुला आकडे लक्षात राहतात, तर तुमच्या त्या डोंगराच्या पळण्याची गोष्ट तूच सांग." म्हणून उभी राहिले. पण ही बढाईची गोष्ट नाही. यात माझी एक मोठी चूक आहे, ती सांगायला मी आले आहे.

सुरुवात अशी झाली. दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. गटातल्या दहाजणींपैकी सहाजणींचं हिमोग्लोबिन कमी निघालं. माझं ८.२. बाईचं १२ च्या वर पाहिजे. नवल वाटायचं कारण नाही, आपल्या महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. आणि रोज चाला." मी म्हटलं, दिवसभर उभीच असते की. त्या म्हणाल्या, "उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे."

मग आम्ही चौघी निघायला लागलो. मी ४१ वर्षांची. आमच्या गटाच्या सचिव, त्यांना सगळे अक्का म्हणतात. मावशी, वय ५४, घरोघरी पोळ्या करतात. आणि आमची धाकटी, २६ वर्षांची, लग्न होऊन चार वर्षं, एक मुलगी. पहाटे पाचला दिघीच्या दत्तगडावर जायचं आणि पाणी यायच्या आत घरी परतायचं. पहिल्या दिवशी अर्ध्यात बसलो. महिनाभरात न थांबता वर गेलो. मग धाकटीने पळायला लावलं. तिची युक्ती सोपी होती, दोन खांब पळायचं आणि एक खांब चालायचं, विजेचे खांब मोजत. तुम्हालाही हीच युक्ती सांगते. घड्याळ नको, मोबाईल नको, रस्त्यावर खांब आहेतच.

रविवारी लांब जायचो. कधी देहूजवळचा भंडारा डोंगर, कधी घोराडेश्वर, कधी चाकणकडचा भामचंद्र. तुकोबा ज्या डोंगरांवर जाऊन बसायचे तेच हे तिन्ही डोंगर. आणि दूर चालणं आपल्याला काही नवं नाही. माऊलींच्या पालखीबरोबर आपल्या आया-सासवा पुण्याहून सासवडला दिवे घाट चढून एका दिवसात तीस किलोमीटरच्या आसपास चालतात, ते पण डोक्यावर तुळस घेऊन. त्याला कोणी खेळ म्हणत नाही एवढंच.

मावशीचं माहेर तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्याकडे. एका रविवारी दत्तगडावर बसलो असताना त्या म्हणाल्या, "आमच्या इकडं डिसेंबरात छातीवर नंबर लावून पोरं पळतात. सिंहगडावरनं निघतात, राजगड करतात, तोरणा करतात. पैसे भरून पळतात गं. आमच्या आज्या त्याच डोंगरांनी ओझी घेऊन चालायच्या, त्यांना कोणी बिल्ला दिला नाही."

ही शर्यत खरी आहे. सिंहगड-राजगड-तोरणा अशी, ११ किलोमीटरपासून १०० किलोमीटरपर्यंत वेगवेगळी अंतरं असतात. तिन्ही गड घेणारी ५३ किलोमीटरची. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर थोडं, त्याहून लांब पळण्याला अल्ट्रा म्हणतात. आम्हाला शर्यतीत नाव घालायचं नव्हतं. पण अक्का म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला चालत माहेरी सोडू या का?" आधी सगळ्या हसलो. मग कोणी हसेना.

आता पैशाचं. फाटक्या चपलांवर डोंगर होत नाही. चांगले बूट स्वस्तात स्वस्त १,४०० रुपयांना पडत होते. चौघींचे ५,६००. गटातून अंतर्गत कर्ज मागितलं तर बैठकीत खडाजंगी. "बूट घ्यायला कर्ज? शेळी घ्या, शिलाई मशीन घ्या." मला राग आला होता, पण त्यांचं चूक नव्हतं. पैसा सगळ्यांचा आहे. शेवटी ठराव लिहिला : शेकडा दोन रुपये व्याज, सहा हप्ते, आणि आरोग्यासाठी दुसऱ्या कुठल्याही बाईला हेच कर्ज मिळेल. त्या ठरावावर पुढे एकीने चष्मा केला, एकीने दात बसवले. म्हणजे भांडण वाया गेलं नाही.

आठ महिने तयारी केली. डिसेंबरातला एक रविवार ठरवला. आदल्या रात्री सिंहगडाच्या पायथ्याजवळ अक्कांच्या नणंदेकडे मुक्काम. पहाटे चारला आतकरवाडीहून चढायला सुरुवात. डोक्याला बॅटरी, पाठीवर शाळेची दप्तरं, त्यात शेंगदाणा-गुळाचे लाडू, दशम्या, लिंबं, मीठ, आणि प्रत्येकीच्या दोन बाटल्या पाणी.

वेळेचा हिशेब माझ्याकडे होता. मी कागदावर लिहून घेतलं होतं, अमक्याला विंझर, तमक्याला गुंजवणे, उजेड असेपर्यंत तोरणा. गडावर रात्री थांबायला परवानगी नसते आणि राजगड ते तोरणा ही डोंगरधारेची वाट जंगलातून जाते, अंधारात तिथं बायाबापड्यांचं काम नाही. म्हणून वेळ महत्त्वाची होती, हे खरंच. पण त्या कागदाचं माझ्या डोक्यात भूत बसलं.

सिंहगडाच्या कल्याण दरवाजातून बाहेर पडलो तेव्हा तांबडं फुटत होतं. तिथून समोर राजगड आणि तोरणा दोन्ही दिसतात. मावशी हात जोडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ते बघा माझं माहेर." मी म्हटलं, "मावशी, चला, वीस मिनिटं उशीर झालाय."

विंझरला उतरलो तेव्हा पाऊण तास उशीर. पुढे मार्गासनी, साखर करत सडकेने गुंजवण्याला आलो तेव्हा एक तास. मी सगळ्यांना पळवत होते. धाकटी गप्प होती. एरवी ती बडबडी. मी विचारलं नाही. खरं सांगते, मला कळलं होतं की ती गप्प आहे. पण विचारलं असतं तर थांबावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही.

गुंजवण्याहून राजगडावर चोर दरवाजाची वाट चढते. वरचा टप्पा उभ्या कातळाचा, धरायला लोखंडी रेलिंग आहे. त्या रेलिंगला धाकटीचा हात सुटला. मागे अक्का होत्या, त्यांनी तिला आपल्या अंगावर घेतलं आणि दोघी कातळाला चिकटून बसल्या. धाकटीचे ओठ पांढरे, डोळ्यांपुढे अंधारी, पायात गोळे. अक्का तिथं नसत्या तर मी आज इथं उभी नसते.

कसंबसं तिला सावलीत आणलं. तिथं लिंबू सरबत विकणारी एक बाई बसली होती, त्याच भागातली. तिने धाकटीकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पोरी, सकाळधरनं लघवीला गेलीस का?"

धाकटीने मान हलवली. नाही.

तिच्या दप्तरात बघितलं तर दोन बाटल्यांपैकी दीड बाटली तशीच. पहाटे चारपासून दुपारी एकपर्यंत, नऊ तासांत, त्या पोरीने अर्धी बाटली पाणी प्यायलं होतं. का? तर वाटेत सगळीकडे गडावर येणारे पुरुष, आडोसा नाही, आणि "ताई घाई करतायत, मी थांबा कशी म्हणू?"

मैत्रिणींनो, या गोष्टीपाशी जरा थांबते.

आपल्यापैकी किती जणी असं करतात? मी करते. आमच्या शॉपमध्ये बायकांच्या संडासाला कडी नव्हती, तेव्हा मी सहा वर्षं दिवसभरात एक ग्लास पाणी प्यायचे. लघवीला जळजळ व्हायची, ताप यायचा, गोळ्या घ्यायच्या आणि परत तेच. शेतावर जाणाऱ्या बाया अंधार पडेपर्यंत दाबून ठेवतात. एसटीच्या प्रवासाला निघताना आपण आदल्या रात्रीपासूनच पाणी बंद करतो. ही काटकसर आपल्याला कोणी शिकवली नाही, तरी सगळ्यांना येते. आणि ती मी माझ्याच मैत्रिणीत ओळखली नाही.

त्या सरबतवाल्या मावशींनी तिला मीठ-साखर घालून घोट घोट पाणी पाजलं. प्रमाण लिहून घ्या : एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा लहान, चहाचा. याहून जास्त मीठ नको. आशा ताईंकडे ओआरएसची पुडी मिळते, ती असली तर आणखी चांगलं. एकदम ढसाढसा पिऊ नका आणि नुसतं साधं पाणीही भरमसाट पिऊ नका, घामातून मीठ गेलेलं असतं. आणि बाई बेशुद्ध पडली किंवा तोंडातून पाणी आत जाईना, तर घरगुती उपाय सोडून १०८ ला फोन करा.

दीड तासाने तिला बरं वाटलं. पद्मावती माचीवर जाऊन बसलो. तेव्हा प्रश्न आला, आता काय? मी म्हटलं, ही गोष्ट मी झाकत नाही, मी म्हटलं, "अक्का हिला घेऊन खाली उतरतील. मी आणि मावशी निघतो. मावशीला माहेरी पोहोचवायचंय."

मावशी म्हणाल्या, "माझं माहेर कुठं पळून चाललंय? तिच्या कर्जाला सही करताना आपण चौघी जामीन होतो. आता डोंगरावर वेगळ्या होतो का?"

चौघी खाली उतरलो. संध्याकाळी गुंजवण्याहून जीप, मग एसटी, आणि रात्री भोसरी. तोरणा झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी चाळीत टोमणे. "गड सर करायला गेल्या होत्या, सरबत पिऊन आल्या." घरी आमच्या मालकांनी पण ऐकवलं. धाकटीच्या सासूबाईंनी तर महिनाभर तिचं येणं बंद केलं. त्यांच्याकडे मी स्वतः गेले आणि सांगितलं, चूक तिची नाही, माझी आहे. मी तिला विचारलं नाही. त्यांना ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी चहा ठेवला.

आता बचत गटाशी याचा काय संबंध, ते सांगते.

आमच्या गटात एकीचे तीन हप्ते थकले होते. बैठकीला यायची बंद झाली होती. आम्ही दर बैठकीला तिच्या नावावर दहा रुपये दंड लिहीत होतो. लिहिणारी मीच. राजगडाहून आल्यावर पुढच्या बैठकीत तिचं नाव आलं तेव्हा माझा पेन थांबला. मी म्हटलं, आज दंड नको लिहायला. आज तिच्या घरी जाऊ या.

गेलो. तिच्या नवऱ्याला कंपनीने ब्रेक दिलेला, चार महिने घरी. आपल्या या पट्ट्यात कंत्राटी माणसाला असा ब्रेक मिळणं रोजचंच, पण तिने लाजेने कोणाला सांगितलं नव्हतं. बैठकीला आली तर विचारतील, म्हणून आलीच नव्हती. तहान लागली तरी पाणी न मागणाऱ्या धाकटीसारखीच. आम्ही हप्ता अर्धा केला, मुदत वाढवली, ठराव लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आणि तिला मावशीच्या जोडीला पोळ्यांच्या कामाला लावलं. आज तिचं कर्ज फिटलंय. दंड माफ केला असं मी म्हणत नाही, दंड नियमात आहे आणि नियम पाहिजेत. पण दंड लिहिण्याआधी घरी जाऊन यायचं, हे आता आमच्या गटात ठरलेलं आहे.

दीड महिन्याने, जानेवारीच्या शेवटी, परत निघालो. या वेळी धाकटीच्या सासूबाईंनी लाडू बांधून दिले. एक तास लवकर, पहाटे तीनला सुरुवात. वेळेचा कागद माझ्याकडे नव्हता, धाकटीकडे होता. आणि नवा नियम होता : दर तासाला सगळ्या थांबणार, पाणी पिणार, आणि एकमेकींना आडोसा करणार. अक्कांनी जुनी सहावारी फाडून मोठा पडदा शिवून आणला होता. दोघींनी धरायचा, एकीने जायचं. चार साध्या मिनिटांची गोष्ट. एवढ्या चार मिनिटांसाठी आपण आयुष्यभर मूत्रपिंडं जाळत असतो.

सव्वासातला विंझर. सव्वानऊला गुंजवणे. पावणेअकराला पद्मावती माची. त्या सरबतवाल्या मावशींना दोन लाडू दिले, त्यांनी पैसे घेतले नाहीत. पुढे संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने खाली उतरलो आणि डोंगराच्या धारेला लागलो. तिथली कारवी डोक्याच्या वर जाते, वाऱ्याने सगळी सळसळत असते. मधे एका खिंडीत डांबरी सडक आडवी येते, ती ओलांडून परत चढ. तोरणा १,४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. बुधला माचीकडची शेवटची चढण चढताना माझे पाय लटपटत होते. मी "थांबा" म्हटलं. मोठ्याने म्हटलं. सगळ्या थांबल्या. कोणाला काही वाटलं नाही.

पावणेपाचला तोरण्यावर. या गडावर महाराजांना धन सापडलं आणि त्यातून राजगड उभा राहिला अशी परंपरा सांगतात. आम्हाला तिथं धन काही सापडलं नाही, मेंगाई देवीपुढे बसून दशम्या संपवल्या. उतरताना अंधार पडला. वेल्ह्यात पोहोचलो तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं होती. जवळजवळ सोळा तास. शर्यतीतली पोरं याच्या निम्म्या वेळात जात असतील. वाटेत मावशीची भावजय कंदील घेऊन उभी. ती मावशीला म्हणाली, "वन्सं, गाडी नव्हती का?" मावशी म्हणाल्या, "होती की. पण मला यायचं होतं तसं मी आले."

मैत्रिणींनो, बाईला हे जमत नाही असं सांगणारे जगभर होते. १९८४ सालापर्यंत ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉनच नव्हती. आणि आपल्या बारामतीच्या लताताई करे, साठी ओलांडलेल्या, नवऱ्याच्या उपचाराला पैसे नव्हते म्हणून नऊवारीत अनवाणी पळाल्या आणि ज्येष्ठांच्या शर्यतीत पहिल्या आल्या. त्यांच्यावर २०२० साली सिनेमा निघाला, त्यात कामही त्यांनीच केलं. ब्रिटनमध्ये २०१९ साली जास्मिन पॅरिस नावाच्या एका जनावरांच्या डॉक्टरीणबाईने ४३१ किलोमीटरची डोंगरी शर्यत सगळ्या पुरुषांच्या आधी संपवली. घरी तिचं तान्हं होतं, म्हणून ती वाटेतल्या थांब्यांवर अंगावरचं दूध काढून ठेवायची. ती थांबली आणि तरीही पहिली आली.

तुम्हाला तीन गड करायला मी सांगत नाही. एवढंच सांगते. एक, हिमोग्लोबिन तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात होतं. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळू नका. दोन, एकटी जाऊ नका, दोघी-तिघी जा आणि घरी सांगून जा. तीन, सपाटीला पळा, चढाला चाला, उताराला जपून. सगळ्यात जास्त गुडघे उतारावर दुखतात. चार, डोंगरावर अत्तर-सेंट लावून जाऊ नका, गडांवर आग्या मोहोळं असतात. पाच, पाणी प्या.

आणि पुढच्या बैठकीत, बचत गोळा करून झाली, कर्ज वाटून झालं, की एक प्रश्न विचारा : आज कोण गप्प आहे? तिच्याकडे वळून बघा.

आम्ही दर रविवारी पहाटे साडेपाचला दत्तगडाच्या पायथ्याला असतो. पडदा आमच्याकडे आहे. पाणी तुमचं तुम्ही आणा.